घड्याळे बदलण्याचे भिजत घोंगडे

संपादक महोदय,

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजता ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे जातात आणि भारताशी असलेले साडेपाच तासांचे अंतर साडेचारवर येते. येथील मराठी कुटुंबांना हे जाणवते ते घरी फोन लावताना. संध्याकाळी पाचला केलेला फोन, जो आईबाबांकडे रात्री साडेदहाला वाजत असे, तो आता साडेनऊला वाजतो. डॅफोडिलची फुले मात्र त्याआधीच उमललेली असतात, त्यांना सरकारी वेळेशी कर्तव्य नाही.

ही प्रथा युद्धकाळातील. विल्यम विलेट यांनी १९०७ पासून लावून धरलेली ही सूचना ब्रिटनने स्वीकारली ती १९१६ मध्ये, जर्मनीने इंधन वाचवण्यासाठी घड्याळे पुढे केल्यानंतर. विलेट त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते.

पुढे केलेली वेळच वर्षभर ठेवावी, असे अनेकजण सुचवतात. तो प्रयोग ब्रिटनने १९६८ ते १९७१ या काळात करून पाहिला आहे. त्या वेळी डिसेंबरअखेरीस ग्लासगोत सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवत असे आणि मुलांना अंधारातच शाळा गाठावी लागे. युरोपीय संसदेनेही २०१९ मध्ये हा बदल थांबवण्याच्या बाजूने मतदान केले, परंतु सदस्य देशांत सहमती न झाल्याने ते घोंगडे भिजतच पडले आहे. माझ्या मते हिवाळ्यातील वेळच बारा महिने ठेवावी. जूनमध्ये लंडनला पावणेचारलाच उजाडेल हे खरे, पण त्यासाठी जाड पडदे पुरेसे आहेत.

आपला,
एक वाचक, लंडन