कमानीआधी शाळेचा स्लॅब बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आलीये म्हणून हे पत्र. पाठवतोय तुम्हाला पण खरं म्हणजे आमच्यासारख्या गावांतल्या मतदारांसाठी आहे, छापलंत तर बरं होईल. मी नगर जिल्ह्यात सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतायला फळ्या-टेकू लावायचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाव टाकलं की शाळा बाजूला राहते आणि हा कोणत्या गटाचा तो कोणत्या गटाचा तेच सुरू होतं.

माझा धाकटा तिसरीला आहे, जिल्हा परिषद शाळेत. जुलैत आधारची झेरॉक्स द्यायला गेलो तर तिसरी-चौथी दोन्ही वर्ग व्हरांड्यात, आणि आत खोलीत मधोमध बादली ठेवलेली. सवयीनं वर बघितलं. सळया उघड्या पडल्यात, गंजाचे पापुद्रे सुटलेत, बोट लावलं की हातात येतात. बाईंनी ड्रॉवर उघडून गिलाव्याचा एक तुकडा दाखवला, चतकोर भाकरीपेक्षा मोठाच, रविवारी पडलेला. म्हणाल्या, "दादा, सोमवारी पडला असता तर त्या जागी दुसरी रांग बसते." जपून कशाला ठेवलाय विचारलं तर म्हणे फोटो दाखवला की सगळे हो हो म्हणतात आणि विसरतात, हातात दिला की निदान दोन मिनिटं गप्प बसतात.

आता लोकांना वाटतं पोपडे पडलेत म्हणजे वरवरचं आहे, गिलावा मारला की झालं. अहो पाणी वरून येतंय. गच्चीच्या पन्हाळीत पिंपळ उगवलाय, पाणी तिथंच साचतं, झिरपत झिरपत सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि फुगलं की खालचं काँक्रीट ढकलून देतं. खालून कितीही गिलावा मारा, पुढच्या पावसात परत खाली. आज वरचा कोबा, म्हणजे गच्चीवरचा थर, उकरून नीट केला, पन्हाळ्या मोकळ्या केल्या, सळया घासून खालून भरून घेतलं तर खोली वाचण्यासारखी आहे. अजून तीन-चार पावसाळे काढले की मग दुरुस्तीचा विषयच संपतो, निर्लेखनाचा, म्हणजे खोली निकामी ठरवायचा प्रस्ताव करा, खोली पाडा, नव्या खोलीच्या मंजुरीची वाट बघा आणि तोवर पोरं मारुतीच्या देवळात.

बाहेरच्या भिंतीवर मात्र झकास आगगाडी रंगवलीये, इंजिन, डबे, खिडक्या सगळं. लोकवर्गणीतून झालं ते, मी पण 500 रुपये दिले होते आणि पोराचा आगगाडीपुढं फोटो काढून स्टेटसला ठेवला होता. वर गच्चीवर चढून कोणी बघितलं नाही. मी पण नाही, आणि माझं पोट स्लॅबवर चालतं.

आमच्या जिल्ह्याला हे नवीन आहे का? 2017 च्या ऑगस्टमध्ये निंबोडीच्या शाळेचं छत पडून 3 मुलं गेली. 2025 च्या जुलैत राजस्थानात झालावाडकडे पिपलोदीला 7 गेली. असं काही झालं की महिनाभर धोकादायक खोल्यांच्या याद्या चालतात.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न सगळे विचारतात. शाळेकडं नाहीत हे खरंय. 31 ते 100 मुलांचा पट असलेल्या शाळेला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 25,000 रुपये धरलेत, त्यातच लाईट बिल, खडू, रजिस्टर, साफसफाई, सगळं. त्यात स्लॅब होत नसतो. पण ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाचे पैसे येतात, 2025-26 पर्यंतच्या 15व्या वित्त आयोगात राज्यानं 80 टक्के हिस्सा ग्रामपंचायतींनाच ठेवला होता. त्यातले 60 टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेले 40 टक्के अबंधित, पगार आणि आस्थापना सोडून गावाची जी गरज असेल त्याला वापरता यायचे आणि पंचायतीकडं जे 29 विषय येतात त्यात शाळा आहे. म्हणजे मुलींचं संडास-बाथरूम आणि प्यायच्या पाण्याची टाकी बंधितमधून बसते, खोलीची दुरुस्ती अबंधितमधून. नवीन टॅक्स नको की घरटी वर्गणी नको, फक्त ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्यात ते काम आलं पाहिजे.

आणि आराखड्यात काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. आपल्याकडं काय येतं तर पेव्हर ब्लॉक, स्वागत कमान, परत पेव्हर ब्लॉक. कमानीला माझा विरोध नाही, दोन कमानींचं सेंटरिंग मीच केलंय. पण सभेला माणूस नसेल तर जो असतो त्याचंच काम घेतलं जाणार ना. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, दोन्हीत जे कमी असेल तेवढे पुरतात. तेवढेही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, तहकूब सभेला कोरमच लागत नाही, 12 माणसं बसतात आणि वर्षाचा हिशोब लागतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः किती सभांना गेलोय ते बायकोला विचारा. तीच एकदा महिला सभेला जाऊन मुलींच्या संडासाचं बोलून आली होती, लिहून घेतलं का नाही ते मात्र बघितलं नाही.

काही जण म्हणतील आमची पोरं इंग्लिश मीडियमला जातात, पिवळी गाडी दारात येते, आम्ही कशाला हात वर करायचा. बरोबर आहे. पण मतदान करता कुठं? त्याच खोलीत. लाईन लावून उभे राहता तेव्हा डोक्यावर तोच स्लॅब असतो. 2020 ला मुंबई-पुण्याहून आपलीच माणसं परत आली तेव्हा 14 दिवस कुठं ठेवली होती आठवतंय का? यात्रेच्या तमाशाला आपण एका रात्रीत लाखाची वर्गणी गोळा करतो, तेव्हा कोणी विचारत नाही की माझ्या घरातलं कोण नाचणार आहे.

तर विनंती एवढीच की 2 तारखेला घरटी एक माणूस तरी या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून घ्या, म्हणजे सभेत कागद पुढं ठेवता येतो. आणि प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, नुसतं "शाळा दुरुस्ती" लिहू देऊ नका, त्यातून परत आगगाडीच निघते. तिसरीच्या खोलीचा स्लॅब, वरचा कोबा, पन्हाळ्या, असं नाव घेऊन लिहायला लावा, वाचून घ्या, मग सही करा. पुढं आराखड्यात आलं का ते मोबाईलवर सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलला दिसतं, पोरांना सांगा, ती दोन मिनिटांत काढून देतील. इंजिनिअर साहेब एस्टिमेटला आले तर शिडी माझी आहे, धरायला मी आहे.

बाईंना म्हणलं तो तुकडा सभेला घेऊन या, तर त्या म्हणाल्या आम्ही नोकरीतली माणसं दादा, आमचं अवघड असतं. मग मीच मागून आणलाय, पिशवीत घालून खुंटीला लावलाय, 2 तारखेला सोबत आणतो.

आपला,
एक सेंटरिंगवाला पालक, नगर जिल्हा