मोजणाऱ्यांचाही सत्कार व्हावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की पुण्यात पळणाऱ्यांची लगबग वाढते. १९८३ पासून चालत आलेली मॅरेथॉन आहे, बालेवाडीतला सराव आहे, तळजाईच्या आणि वेताळ टेकडीच्या वाटा आहेत. पोलीस भरतीसाठी घड्याळ लावून १६०० मीटर पळणारी मुले आणि ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुली पहाटेच मैदानावर असतात. विजेत्यांचे फोटो छापून येतात, ते यावेतच. अवघड शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनलाही शाल-श्रीफळ मिळते. पण पळणाऱ्यांच्या हृदयाचा अभ्यास करून धोका आधीच हेरण्याची रीत बसवणारे तरुण संशोधक कोणाच्या खिजगणतीत नसतात. प्रतिबंधक आणि क्रीडा हृदयवैद्यकात काम करणाऱ्या या मुलामुलींसाठी पुण्यात नीट आखलेला पुरस्कार हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

या विषयात निष्कर्ष सावकाश हाती येतो. इटलीने १९८२ पासून खेळाडूंची तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेटो प्रांतात दर लाख खेळाडूंमागे वर्षाला ३.६ आकस्मिक मृत्यू होत असत, २००३-०४ पर्यंत ते ०.४ वर आले. हे सांगता आले, कारण पंचवीस वर्षे कोणीतरी प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवत होते. इस्राएलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला. पुढे त्याचा परिणाम तपासताना मात्र संशोधकांना दोन मोठ्या वृत्तपत्रांचे जुने अंक चाळून मृत्यू मोजावे लागले आणि फरक काही दिसला नाही. तपासणी निरुपयोगी की मोजणी अपुरी, हा वाद अजून मिटलेला नाही.

मोजण्यात काय चुकते, याचे एकच उदाहरण देतो. ईसीजी म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख काढताना छातीवर चिकटवायचे पहिले दोन इलेक्ट्रोड, व्ही-१ आणि व्ही-२, चौथ्या फासळीखालच्या जागेत लागायला हवेत. गळ्याच्या खळगीतून बोट खाली आणले की छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी फासळी असते. तिच्याखालची जागा ती दुसरी, तिथून आणखी दोन जागा खाली मोजायच्या. शिबिरात शंभर मुले रांगेत असली की ही मोजणी सुटते आणि इलेक्ट्रोड दोन बोटे वर चिकटतात. मग व्ही-१ च्या आलेखात नसलेले दुसरे टोक उमटते, व्ही-२ च्या आलेखातली टी नावाची लहर उलटी दिसते आणि धडधाकट मुलाच्या कागदावर ‘हृदयविकाराची शंका’ असा शेरा येतो. पुढे इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एमआरआय, संघाबाहेर बसणे आणि घरच्यांच्या जिवाला घोर. क्यूटीचेही, म्हणजे ठोक्यागणिक हृदयाची विद्युत क्रिया सुरू होऊन पूर्ववत होईपर्यंतच्या वेळेचेही, तसेच. मुलांत ४७० आणि मुलींत ४८० मिलिसेकंदांची मर्यादा धरतात, पण कसलेल्या धावपटूचे ठोके मिनिटाला ४५ असले तर ठोक्यांच्या गतीनुसार ही वेळ दुरुस्त करण्याचे नेहमीचे सूत्र फसते. त्याला थोडे चालवून, ठोके वाढल्यावर ईसीजीची पट्टी पुन्हा काढावी लागते. हे चिकाटीने करून लिहून ठेवणारा संशोधक मोठे काम करत असतो.

खेळाडूंचा ईसीजी वाचण्याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये आले, तेही मुख्यतः युरोपीय आणि आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंच्या नोंदींवर बेतलेले. आपल्याकडे वेगळा प्रश्न आहे. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आढळते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. अशांना हृदयस्नायूच्या आजाराचा धोका अधिक असतो. आता तालमीतल्या पैलवानाच्या हृदयाची भिंत १४ मिलिमीटर भरली, तर तो मेहनतीचा परिणाम की आजाराची सुरुवात? तीन महिने व्यायाम थांबवून पुन्हा मोजणे हा एक मार्ग आहे. जत्रांच्या हंगामात पैलवानाला आखाडा सोडायला लावणे किती कठीण, हे पुण्याला सांगायला नको. म्हणूनच इथल्या मुलांची मोजमापे इथेच जमवायला हवीत.

आणि ते जमते. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला आणि त्या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत चालू राहिला. दिसायला बारीक, तरी अंगात चरबी जास्त, हे भारतीय बाळांचे लक्षण जगाला त्यातून कळले.

तरुण संशोधकाला असा धीर परवडत नाही. एमडीच्या तीन वर्षांत प्रबंधाची माहिती गोळा करायला जेमतेम दीड वर्ष मिळते. प्रबंध संपला की वह्या कपाटात जातात आणि पुढचा विद्यार्थी नवा फॉर्म छापतो. एकाने कंबर बेंबीपाशी मोजलेली असते, दुसऱ्याने शेवटची फासळी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध. दोघांचे आकडे एकत्र करता येत नाहीत, दोघांची मेहनत वाया.

पुरस्कार आखताना वयाची अट नको. बाँडची सक्तीची सरकारी सेवा, एमडी, त्यापुढची डीएम ही पदवी करता करता तेहतिशी उलटते, मग ‘३५ वर्षांखालील’ म्हणण्यात काय अर्थ? शेवटच्या पदवीनंतरची ७ वर्षे धरावीत. युरोपीय संशोधन परिषद अर्जदार आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देते, तशी सवलत इथेही द्यावी. फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, आहारतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ यांनाही अर्ज करता यावा. परीक्षकांपुढे नावे झाकून काम ठेवावे. शंभरपैकी ३० गुण प्रश्नाला, ३० मोजमापाच्या काटेकोरपणाला, २० पाठपुराव्याला, २० अर्जदाराने स्वतः काय केले त्याला. शोधनिबंधांच्या संख्येला शून्य. संख्येला गुण दिले की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावते आणि विभागप्रमुखांचे नाव आपोआप पहिले लागते. ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्षही पूर्ण गुणांना पात्र ठरावा. अर्जासाठी एखाद्या वैद्यकीय संमेलनाचे शुल्क भरण्याची सक्ती नको. निम्मी रक्कम निवडीनंतर आणि निम्मी पुढच्या वर्षीचा पाठपुरावा दाखवल्यावर द्यावी.

पैसा कुठून आणायचा? शर्यतींच्या नोंदणी शुल्कातून माणशी १० रुपये बाजूला काढले, तरी दहा हजार धावपटूंमागे एक लाख जमतात. पुरस्कारही त्याच मंचावर, विजेत्यांच्या शेजारी द्यावा.

आपल्याकडेही एक मागणे आहे. ‘मैदानावर कोसळून तरुणाचा मृत्यू’ ही बातमी देताना वय, तो काय करत होता, छाती दाबायला किती मिनिटांनी सुरुवात झाली आणि विजेचा झटका देणारे यंत्र जवळ होते का, एवढे लिहावे. शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर मृत्यूचे कारण दोन ओळींत जरूर छापावे. आज ना उद्या कोणीतरी संशोधक आपले हेच जुने अंक चाळायला बसेल.

आपले,
हृदयवैद्यक आणि क्रीडावैद्यक शिकवणारे काही वाचक, पुणे