तीच गाणी किती वर्षं?

महोदय,

इंदुरातल्या आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं तीच नाट्यगीतं, तीच भावगीतं. गोड आहेत, वाद नाही. पण तरुण पोरं मध्यंतरातच सटकतात. मोबाइलवरचं अ‍ॅपही काल ऐकलं त्याचीच भावंडं आज पुढ्यात आणतं.

कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारपणामुळे इथून जवळच देवासला आले. गाण्याला डॉक्टरांची बंदी होती, पण कानांना नव्हती. अंथरुणावर पडून ऐकलेल्या माळवी लोकधुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले.

ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायकीच्या दर्दींनी लोकगायक प्रह्लादसिंह टिपानियांची माळवीतली कबीराची भजनं ऐकावीत. एका हातात तंबुरा, दुसऱ्यात करताल, आणि मध्येच गाणं थांबवून भजनाचा अर्थ सांगणं! (आमच्या काही मित्रांना हे ‘शास्त्रीय’ वाटत नाही. असो.) आणि रॉक ऐकणाऱ्या नातवंडांना याच शहराच्या शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेबांचा संथ लयीतला मारवा राग ऐकवावा, त्यांना संथ लय झेपत नाही, हा आपलाच समज आहे.

येत्या गणेशोत्सवात मंडळांनी एक संध्याकाळ अशा न ऐकलेल्या गाण्यांना द्यावी. कलाकार निवडायचं काम मात्र विशीतल्या मुलांकडे सोपवावं. कार्यकारिणीनं फक्त सतरंज्या आणि चहाचं बघावं.

– एक श्रोता, रामबाग, इंदूर