गोळीचा गजर दादाच्या फोनमध्ये

वेंगुर्ला, बुधवार

ती. आई-बाबा,
सा. न.

मावशीच्या पडवीत बसून लिहितेय. फोन रोज होतोच, पण हे बोलायला गेलं की आई, तू "बरं बरं" म्हणत विषय बदलतेस. म्हणून पत्र.

आज दोन वाजता जेवता जेवता मी ताटावरून उठले. मावशी म्हणाली, कुठे निघालीस? माझं मलाच कळेना. बाबांच्या पार्किन्सन्सच्या गोळीची वेळ झाली होती. आठ, अकरा, दोन, पाच, आठ. तीन वर्षं माझा दिवस या पाच वेळांभोवती फिरतोय. गजर आता दादाच्या फोनमध्ये आहे, पण हात माझाच उठतो.

मी वेगळं काही करतेय असं मला कधी वाटलंच नाही. मुलगी आहे, करणारच. नोकरी सोडली तेव्हा "सध्या घरीच असते" असं सगळ्यांना सांगितलं आणि हळूहळू मलाही तेच खरं वाटायला लागलं. मग आपण पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला गेलो. तिथे पेशंट म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. माझी पाळी आली, मी नाव सांगितलं, "शुभंकर" म्हटलं आणि पुढे बोलताच येईना. आई, तुला वाटलं ठसका लागला. ठसका नव्हता तो.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. बाथरूमच्या उंबऱ्याशी तुमचे पाय जमिनीला चिकटायचे आणि मी मागून "चला ना, चला ना" करायचे. दिवाळीच्या आधी एकदा मी ओरडले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मनातलं चेहऱ्यावर उमटत नाही, आणि मी गृहीत धरलं की तुमच्या मनाला लागलं नसेल. लागलं होतं ना? माफ करा.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा मी १४४१६ लावला. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुमची झोप कशी आहे?" बाबांची झोप सगळे विचारतात, विचारायलाच हवी. माझी कुणी विचारली नव्हती. मी बराच वेळ रडले.

पुढच्या सभेत एका काकांनी सांगितलं, घाई केली की पाय आणखी अडकतात. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं. बाथरूमपर्यंतच्या लाल पट्ट्या त्याच. पहिल्या दिवशी उंबरा ओलांडून तुम्ही भिंत धरून थांबलात, सावकाश वळून माझ्याकडे पाहिलंत. ते मी जपून ठेवलंय.

आता मागणं. दर तीन महिन्यांनी मला असे चार दिवस हवेत. दादाशी बोललेय, त्याला म्हटलं, मदत नको, वाटणी हवी. आणि सकाळी तीन तास नर्सिंग ब्यूरोतून माणूस ठेवू. परका माणूस अंघोळ घालणार हे आई, तुला रुचत नाही, मला ठाऊक आहे. पण बाबांना कुशीवर वळवायला रात्रीतून तीनदा उठणारी तू, तुझे गुडघे आता ऐकत नाहीत. सभेत तू "मी नुसती सोबत आलेय" म्हणालीस. तूही शुभंकरच आहेस, माझ्या आधीपासून. बाबा, तुमचं काय म्हणणं आहे तेही हवंय. अंघोळ तुमची आहे.

दादाला सांगा, गोळी जेवणाआधी अर्धा तास. डाळ, पनीर त्याबरोबर नको, गोळीचा असर कमी होतो.

मी शुक्रवारी रात्रीच्या बसने निघते. बाबा, उत्तर तुम्ही लिहा. अक्षर बारीक होत जातं म्हणून तुम्ही लिहिणंच सोडलंत. टीव्हीखालच्या खणात दुरेघी वही ठेवलीय, दोन्ही रेघांना टेकेल एवढं मोठं काढा. दोन ओळी चालतील.

तुमची,
ताई