तू म्हणाला होतास ते खरं निघालं, पण एवढ्यात हसू नको

अरे दोस्ता,

आठ महिने उत्तर दिलं नाही, घाल शिव्या, हक्क आहे तुझा. तब्येत बरी, आईचा गुडघाही आता ठीक. पण रविवारी बुद्धिबळाच्या स्पर्धेत जे झालं ते घरात सांगून उपयोग नाही, बायको म्हणते हरलास ना, मग संपलं. तुलाच कळेल.

तिसरा राउंड, पांढरी माझ्याकडे, समोर खुर्चीवरून पाय जमिनीला न टेकणारा पोरगा. मी प्यादं ई४ ला, तो सी५ ला, म्हणजे सिसिलियन ओपनिंग (डावाची सुरुवात), त्यातली नायडॉर्फ. सवयीनं सहावी चाल उंट जी५. त्यानं वजीर बी६ ला आणला, मी वजीर डी२, आणि त्यानं बी२ चं प्यादं असं उचललं जसं काही ते त्याचंच ठेवायला दिलेलं होतं. हत्ती बी१, वजीर ए३. आणि इथं माझी पाटी कोरी! आता एफ५ की ई५? दोन्ही खेळतात, दोन्ही मी पाठ केलेलं, आणि एक धड आठवेना. बावीस मिनिटं गेली, पोरगा मधे उठून पाणी पिऊन आला. शेवटी खेळलो ई५ आणि पुढच्या चाली एफ५ मधल्या. सव्विसाव्या चालीला हात मिळवला.

घरी येऊन जुन्या स्कोअरशीट काढल्या. पांढऱ्यानं जिंकलेले डाव बाजूला केले, तर जवळजवळ सगळ्यांत दोन्ही वजीर मारामारीत पटावरून गेलेले आणि मग मी चाळीस-पन्नास चाली नुसता समोरच्याचा जीव काढलेला. हल्ला करून जिंकलेले फक्त दोन, त्यातला एक तुझ्याशी आणि तुला ताप होता. म्हणजे सरांच्या जिन्यात तू जे ओरडलास, की तुझा स्वभाव कारकुनाचा आणि ओपनिंग दरोडेखोराची, ते खरंच होतं की रे. मी तेव्हा उगीच चार दिवस अबोला धरला. (बाकी तू माझं घड्याळ आधी दाबलं होतंस हे मी अजून विसरलेलो नाही.)

मग आता खेळायचं काय, यावर दोन रात्री झोप नाही. एकच काहीतरी हवं, ज्यात पाठांतर कमी, पण रोज तोच डाव नको. तुझं लंडन ओपनिंग? नको. डिंग लिरेननं २०२३ ला जगज्जेतेपदाच्या लढतीत नेपोम्नियाचीविरुद्ध सहाव्या डावात लंडन खेळून जिंकलं तेव्हा तू मला झोपेतून उठवून ऐकवलं होतंस, मान्य. पण सी३-डी४-ई३ चा तो त्रिकोण रचून झाला की मला जांभई येते, आणि त्यातही काळा सी५ करून वजीर बी६ ला आणतोच. पुन्हा बी२! त्या प्याद्यानं माझं आयुष्य खाल्लंय.

सी४ चा मोह झाला. फिशरसारखा ई४ वाला माणूस १९७२ ला जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात सी४ खेळतो, तिसऱ्या चालीला त्याचा वजिराचा गँबिट (डी४ वाली ओपनिंग) होतो आणि हरलेला स्पास्की टाळ्या वाजवतो. पण सी४ ला काळा ई५ करू शकतो, म्हणजे उलटी सिसिलियन, आणि सिसिलियनचं नाव काढलं तरी सध्या मला तो पोरगा दिसतो.

म्हणून पुढच्या पांढऱ्या डावाला, म्हणजे पाचव्या राउंडला, गुपचूप घोडा एफ३. ई५ घर घोड्याच्या माऱ्यात, म्हणजे तो प्रश्नच मिटला. त्यानं घोडा एफ६, मी सी४, ई६, जी३, डी५, उंट जी२, दोघांचं कॅसलिंग, मग डी४, आणि बघतो तर कॅटलान (डी४, सी४ आणि जी२ च्या उंटाची ओपनिंग)! त्यानं सी४ चं प्यादं खाल्लं, मी वजीर सी२, ए६, वजिरानं प्यादं परत घेतलं, बी५, वजीर पुन्हा सी२. काही पाठ नव्हतं रे, त्याचं सी७ चं प्यादं अडकलंय एवढंच दिसत होतं. जी२ च्या उंटानं सत्तर चाली त्याला हलू दिलं नाही. शेवटी बरोबरी झाली, साडेचार तास, मान अवघडली, आणि मी शिट्टी वाजवत बाहेर आलो. अर्ध्या पॉइंटवर! त्यानं जी६ केलं असतं तर वेगळं काही मांडलं असतं, सी५ केलं असतं तर सी४ नाहीतर धीर असेल तर ई४. घोडा एकदा एफ३ ला गेला की एफ२ चं प्यादं पुढे टाकायचे प्लॅन बुडाले, पण ते मला कधी जमलेत?

रेटीनं १९२४ ला असाच घोडा एफ३ खेळून जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, ती सरांची गोष्ट आठवते? तेव्हा मी मागच्या बाकावर झोपलेलो. आता भोगतोय.

नवी नोकरी कशी आहे? पोरगी शाळेत रमली का? वहिनींना सांग, ते पुस्तक नक्की परत करतो.

आता कामाचं. घोडा एफ३, डी५, सी४ आणि त्यानं प्यादं पुढे डी४ ला ढकललं तर? छातीवर येऊन बसल्यासारखं वाटतं. ई३ नं खणायचं, बी४ नं बाजू धरायची की जी३ करून दुर्लक्ष करायचं? तू काळ्यानं हेच खेळायचास, तुला कशाचा त्रास व्हायचा ते खरं सांग. रविवारच्या आत.

तुझाच,
ई४ वाला (माजी)