मैत्रिणीस पत्र: सुईवर राहिलेल्या स्वेटरविषयी

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून चार दिवस झाले. त्यातला प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर एका ओळीत मावणारे नव्हते, म्हणून सवड काढून आज निवांत लिहायला बसले आहे. तुझ्या आईच्या कपाटातून निघालेली पिशवी, तीत पाठीचा पूर्ण झालेला भाग, मुंढ्यापर्यंत येऊन सुईवरच थांबलेला पुढचा भाग, लोकरीचे दोन गुंडे आणि क्रोशाची एक बारीक सुई, एवढे सगळे समोर मांडून तू विचारतेस की हे उसवू, पूर्ण करू की तसेच ठेवून देऊ. माझे उत्तर आहे, पूर्ण कर. मात्र विणायला लागण्याआधी थोडे थांब, कारण मी थांबले नव्हते.

माझी आई गेली तेव्हा बाबांसाठी घेतलेला तिचा स्वेटर असाच अर्धवट राहिला होता. वर्षभर मी त्या पिशवीला हात लावला नाही आणि मग एका दुपारी, मन घट्ट असतानाच उरकून टाकावे म्हणून, थेट पुढची ओळ विणायला घेतली. पाच-सहा बोटे वीण झाल्यावर उजेडात धरून पाहिले, तर जिथे तिचा हात थांबला आणि माझा सुरू झाला तिथे एक आडवी, आवळलेली रेघ उमटली होती, आणि रेघेच्या वरचा भाग खालच्यापेक्षा सैल, चरे पडल्यासारखा दिसत होता. लोकर तीच, सुया त्याच, नक्षी तर नव्हतीच, साधी एक ओळ सुलट आणि एक उलट. मला वाटले, माझा हात थरथरला असेल. उसवले, पुन्हा विणले. रेघ पुन्हा तिथेच.

आधी मापाचे सांगते, कारण ते सोपे आहे. सुयांवरचे आकडे झिजून गेले होते, म्हणून मी त्या सुयांची जाडी मोजायच्या भोकांच्या पट्टीत घालून पाहिल्या. त्या १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या निघाल्या. (जुन्या इंग्रजी मोजणीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते आणि अमेरिकी मोजणीत नेमके उलट, तिथली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची. तुझ्याकडच्या सुयांचा आकडा वाचता आला तरी पट्टीत घालून खात्री करून घे.) त्याच सुयांवर आईच्या विणीत १० सेंटिमीटरला २४ टाके बसत होते आणि माझ्या विणीत २२. दोन टाक्यांनी काय होते असे म्हणशील, तर १२० टाक्यांचा जो भाग तिच्या हाताने ५० सेंटिमीटर रुंद होतो तोच माझ्या हाताने साडेचौपन्न होतो. म्हणजे तिची पाठ आणि माझा पुढचा भाग एकमेकांना शिवताच आले नसते. हा फरक सुई एका नंबराने बारीक घेऊन भागवता येतो आणि मी तसे केलेही, पण आडवी रेघ त्याने जाईना, आणि चरेही जाईनात.

शेवटी भिंग घेऊन बसले, माझ्या सगळ्या ओळी एकेक टाका करून जपून उसवल्या आणि सुईवर आलेले आईचे टाके एकेक करून पाहिले. टाका म्हणजे सुईवर खोगिरासारखा बसलेला दोऱ्याचा फास, त्याचा एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे. मी जसे विणते त्यात उजवा पाय पुढे येतो. आईच्या उलट ओळीनंतर सुईवर राहिलेल्या प्रत्येक टाक्याचा डावा पाय पुढे होता. म्हणजे उलट टाका घेताना ती दोरा सुईच्या वरून न आणता खालून उचलत असे. आयुष्यभर तिच्या शेजारी बसून विणले आणि हे मला कधी दिसले नाही. तिचा हात इतका भराभर चाले की दोरा वरून गेला की खालून, हे पाहायला सवडच मिळत नसे. असा टाका पुढच्या सुलट ओळीत मागच्या पायातून विणायचा असतो. मी सवयीने पुढच्या पायातून विणला, म्हणून ती सबंध ओळ पिळली गेली आणि आवळली. पुढे माझेच उलट टाके आले, त्यामुळे पिळलेली ओळ एकच राहिली, पण चरे सुरू झाले, कारण खालून उचललेल्या दोऱ्याला वाट कमी लागते आणि टाका घट्ट बसतो, वरून आणलेला थोडा सैल राहतो. आईची वीण इतकी एकसारखी का दिसे, याचे कारण मला ती गेल्यानंतर तिच्या अर्धवट स्वेटरने सांगितले.

मग मी तिच्यासारखे उलट विणायला शिकले. आठ दिवस बोटे ऐकेनात. नवरा लोकरीची लड दोन्ही हातांवर ताणून समोर बसे आणि मी गुंडा करता करता मध्येच थांबून हवेतच दोरा खालून उचलण्याचा सराव करी. त्याचे हात अवघडत, पण तो बोलला नाही. पुढचा भाग मी आईच्या पद्धतीने पुरा केला आणि जोड कुठे आहे हे आता मलाही चटकन सापडत नाही. बाह्या मात्र माझ्या नेहमीच्या हाताने विणल्या. त्या जरा सैल झाल्या आहेत. बाबांना त्या सैल बाह्याच आवडल्या असाव्यात, निदान कोपरापर्यंत ओढून घेताना ते कुरकुरत नाहीत.

आता तुझ्या पिशवीविषयी. सर्वांत आधी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून दाभणाने एक गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेव, म्हणजे सुई निसटली तरी वीण त्याच्या खाली उतरणार नाही. इतकी वर्षे सुईवर राहिलेली ओळ ताणली गेलेली असते, ती पुढे एखाद्या वेळी उसवावी लागेल. पण टाक्यांचे पाय पाहून झाल्याशिवाय तिला हात लावू नकोस, कारण एकदा उसवली की आईने टाका कसा घेतला होता हे कळण्याची सोय जाते. गुंड्यातला दोरा जागोजागी हलके ओढून पाहा. कसरीने खाल्लेला असेल तर तुटेल. दोरा कशाचा आहे हे कळत नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून बशीवर जाळून बघ. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. हे समजल्यावाचून जोडीची लोकर घेऊ नकोस. रंग तर तंतोतंत मिळणारच नाही, कारण एका खेपेत रंगवलेली लोकर दुसऱ्या खेपेच्या लोकरीशी पूर्ण जुळत नाही. म्हणून आईची लोकर पुढच्या भागाला पुरव आणि नवी बाह्यांना लाव. मुंढ्याच्या शिवणीशी रंग बदलला तर तो मुद्दाम बदलल्यासारखा दिसतो, छातीवर बदलला तर लोकर संपल्यासारखा.

क्रोशाच्या सुईचे विचारलेस की ती मुलांच्या हाती द्यावी का. जरूर दे. विणकामात शंभर टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, क्रोशात उघडा असतो तो एकच, त्यामुळे चुकले तर उसवण्यासारखे सोपे काही नाही. माझ्या आईच्या पोलादी सुईवर अंगठा टेकण्याची जागा आरशासारखी झाली आहे आणि माझ्या मुलीचा अंगठा नेमका तिथेच जातो. तिने परवा गोल रुमाल करायला घेतला. मुक्या खांबांचा (म्हणजे क्रोशाच्या साध्या, आखूड टाक्यांचा) गोल सपाट ठेवायचा तर पहिल्या फेरीत सहा आणि मग प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे, म्हणजे ६, १२, १८, २४. तिने प्रत्येक खांबात दोन घातले, ६, १२, २४, ४८, आणि रुमालाच्या कडेला समुद्री शेवाळासारख्या झालरी उठल्या. ती रडवेली होऊन उसवायला निघाली, तेव्हा मी तिला सांगितले की १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिन्या या गणितज्ञ बाईंनी ठरावीक अंतराने टाके वाढवत अशीच झालर मुद्दाम विणली होती, हायपरबोलिक भूमिती, म्हणजे सपाट न राहता कडेकडे झालरीसारख्या पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाची भूमिती, विद्यार्थ्यांच्या हातात देता यावी म्हणून. आता तो रुमाल तिच्या टेबलावर आहे आणि त्यावर काहीही ठेवता येत नाही.

एवढे कर. पाठीच्या मधोमध, कडा सोडून, १० सेंटिमीटरची पट्टी ठेव आणि टाके मोज, अर्धा टाका आला तर अर्धाही लिही. मग पुढच्या भागाच्या सुईवरच्या पहिल्या दहा टाक्यांचा कोणता पाय पुढे आहे ते पाहा आणि मला कळव. शेवटची ओळ सुलट होती की उलट, तेही लिही. तोवर सुई काढू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझीच,
मैत्रीण