‘पूर्वीचे आजार’ या रकान्याबद्दल

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

नोकरीच्या मेडिकल फॉर्मचा फोटो तू पाठवलास तो पाहिला. ‘पूर्वीचे मोठे आजार’ या रकान्यात तू ‘काही नाही’ लिहिलं आहेस. तुझ्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आजारी म्हणून तू कधी वावरली नाहीस आणि आम्हीही तुला तसं वागवलं नाही. पण छातीच्या डॉक्टरला तिथे एक ओळ हवी असते : जन्म २६ व्या आठवड्यात, व्हेंटिलेटर लागला, पुढे बीपीडी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांचा रेंगाळणारा आजार). मोठ्यांचे डॉक्टर जन्माचं सहसा विचारत नाहीत. सिगारेट ओढता का, घरात कुणाला दमा आहे का, इथपर्यंतच त्यांची चौकशी जाते. तेव्हा ही ओळ तुलाच सांगायची आहे, त्यांनी विचारलं नाही तरी.

तुझ्या फुप्फुसांचं काय झालं ते नीट सांगतो. श्वासनळीच्या फांद्या फुटण्याचं काम पोटात सोळा-सतराव्या आठवड्यापर्यंत उरकतं. म्हणजे तुझ्या नळ्या संख्येने पूर्ण आहेत. राहून जातात ते वायुकोश. प्राणवायू रक्तात उतरतो तो या कोशांच्या पातळ भिंतींतून, आणि ते खऱ्या अर्थाने घडायला लागतात छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. मोठ्या माणसात त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते. तू आलीस तेव्हा तिथे नुसत्या साध्या पिशव्या होत्या. त्यातही सरफॅक्टंट अपुरं. हा स्निग्ध थर नसला तर श्वास सोडल्यावर त्या पिशव्या ओल्या प्लॅस्टिकसारख्या आतून चिकटून बसतात आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्याने उघडाव्या लागतात.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसही जगला नाही. वजन दोन किलोच्या वर होतं, तुझ्या दुपटीहून जास्त. कारण हेच, सरफॅक्टंट नाही. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दोष नेमका कुठे आहे ते दाखवलं होतं, पण हाती औषध नव्हतं. मग १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की बाळंतपणाआधी आईला स्टिरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. लिगिन्स यांना हे आधी मेंढीच्या कोकरांमध्ये दिसलं होतं. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी नवजात बाळांच्या श्वासनळीत थेट सरफॅक्टंट सोडून ती तगवली. तुझ्या आईला ती इंजेक्शनं मिळाली आणि तुला ते औषध. तुझी आई याचं श्रेय देवाला देते. माझा त्याला विरोध नाही, पण त्या कोकरांनाही थोडं द्यावं.

जगवणाऱ्या उपायांचा मारही त्याच फुप्फुसांना बसतो. व्हेंटिलेटरचा दाब, जास्तीचा ऑक्सिजन, जंतुसंसर्ग हे सगळं वायुकोश घडत असतानाच चालू असतं. त्यामुळे ते कमी आणि आकाराने मोठे राहतात, त्यांच्या भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्याही विरळ राहतात. पोटातले आठवडे धरून ३६ आठवड्यांची झालीस तरी तुला ऑक्सिजन लागत होता, म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेजिया’ असं लांबलचक नाव आलं. तेच बीपीडी.

वायुकोश वाढायचे दोन-तीन वर्षांनी थांबतात असं पूर्वी पुस्तकांत असायचं. पुढे हीलियम वायू श्वासातून देऊन मुलांचे एमआरआय काढले, तेव्हा ते पार वयात येईपर्यंत वाढत असावेत असं दिसलं, अपुऱ्या दिवसांच्या मुलांतही. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. नळ्यांची गोष्ट मात्र तितकी गोड नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्याही आत जन्मलेल्या मुलांवर ‘एपिक्युअर’ या अभ्यासाने लक्ष ठेवलं. एकोणिसाव्या वर्षीही त्यांच्या नळ्यांतून हवा बाहेर पडायला बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त अडथळा होता, आणि बीपीडी झालेल्यांत तो अधिक.

जिना चढताना तुला लागणारी धाप आणि सर्दीनंतर रेंगाळणारी घरघर यांना कुणी चटकन ‘दमा’ म्हणेल. दिसायला तसंच असतं, पण नेहमीच्या दम्यात जी ॲलर्जीची सूज असते ती यात बऱ्याचदा नसते. म्हणून स्टिरॉइडच्या पंपाचा सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही. पंप घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. पंप लिहून देणाऱ्याला जन्माची हकीकत माहीत असावी, एवढंच. धाप कारणाशिवाय वाढली तर हृदयाची सोनोग्राफीही लागू शकते, कारण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असू शकतो.

आणि हे आत्ताच का? कारण फुप्फुसांची ताकद विशीच्या पहिल्या निम्म्यात शिखरावर असते. पुढे निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा वर्षाला अंदाजे २० ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते. तुझं शिखरच थोडं खाली असणार. उताराचा वेग तोच राहिला तरी त्रास जाणवायला लागतो ती खालची रेघ तू इतरांआधी गाठशील. तेव्हा स्पायरोमेट्री करून घे, नळीत जोरात फुंकायची ती. आजचा आकडा हाताशी असला तर दहा वर्षांनी कुणाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

सिगारेटबद्दल मी उपदेश करत नाही, थेट मनाई करतो. व्हेपचीही. तुझ्या मित्रमैत्रिणींच्या गाठीला जेवढं आहे तेवढं तुझ्या गाठीला नाही. पोहणं सोडू नकोस. नळ्या त्याने रुंद होणार नाहीत, पण आहे त्या फुप्फुसांत जास्त काम करण्याची ताकद येते. फ्लूची लस दरवर्षी घे, न्यूमोनियाच्या लसीचं डॉक्टरांना विचार. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा हीच ओळ सांग.

डिस्चार्ज कार्ड स्कॅन करून पाठवतोय, फोनमध्ये ठेव. फॉर्म परत मागवून तो रकाना दुरुस्त कर. याने नोकरीला धक्का लागेल अशी भीती तुला वाटत असेल, तर आधी स्पायरोमेट्री करून रिपोर्टच सोबत जोड. चांगला येईल असं मला वाटतं. नाही आला तरी मला दाखव, ते आकडे आता मला बऱ्यापैकी वाचता येतात.

तुझा,
बाबा